टू-स्ट्रोक आउटबोर्ड वीस मिनिटांनी दम सोडतं: लहान आणि मोठ्या इंजिनात दोष कुठे शोधायचा

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांतच येते. "सकाळी दुसऱ्या झटक्याला सुरू होतं, पंधरा-वीस मिनिटं मस्त पळतं, मग दम सोडतं. बंद करून जरा थांबलं की परत ठणठणीत." मग प्लग बदलले जातात, कार्बोरेटर उघडून धुतला जातो, दोन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला माणूस वैतागून विचारतो, होडीमागचं हे इंजिनच विकून मोठं घेऊ का? मोठं इंजिन असलेला नेमका उलटा विचार करत असतो: लहानच बरं होतं, निदान कळत तरी होतं.

या दुसऱ्या माणसाच्या बोलण्यात तथ्य आहे. इंजिन लहान की मोठं यावरून ते किती वेळा बिघडेल हे फारसं सांगता येत नाही. बिघडताना ते तुम्हाला कळवेल की नाही, हे मात्र बरंचसं सांगता येतं. लहान इंजिन लगेच कुरकुरतं. मोठं सोसत राहतं, आणि मग एकदम मोठा खर्च समोर ठेवतं.

कारण टू-स्ट्रोकच्या रचनेतच आहे. या इंजिनात तेलाचा वेगळा साठा बेअरिंगांमधून फिरत नाही. पेट्रोलसोबत जे तेल आत येतं तेवढ्यावरच क्रँक, बेअरिंग आणि पिस्टन चालतात. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं, आणि त्याच वेळी हवेचं प्रमाण वाढल्याने तापमान चढतं. उष्णता जास्त आणि वंगण कमी, दोन्ही एकाच क्षणी. फोर-स्ट्रोकमध्ये अर्धा तुंबलेला जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) म्हणजे ताकद कमी. टू-स्ट्रोकमध्ये तोच जेट पिस्टन खातो.

आता समजा एक सिलिंडर, एक कार्बोरेटर आहे. जेट तुंबला की सगळं इंजिनच मरगळतं, तुम्ही थ्रॉटल सोडता, पिस्टन वाचतो. तीन सिलिंडर आणि तीन कार्बोरेटर असतील तर एकाचा जेट अर्धा तुंबल्यावर बाकीचे दोन होडी ओढत राहतात. तिसराही फायरिंग करतच असतो, फक्त हवा जास्त, पेट्रोल कमी. आवाजात थोडा फरक पडतो, तो वाऱ्यालाटेत कुणाला ऐकू येतो?

मी हे माझ्याच सत्तर अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरवाल्या इंजिनावर शिकलो. मधल्या सिलिंडरचा पिस्टन जाम झाला. उघडलं, घासलं, नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या, तिन्ही कार्बोरेटर साफ करून घेतले. साठ-सत्तर तास चालवल्यावर पुन्हा मधलाच पिस्टन, त्याच बाजूने ओरखडलेला. दुसऱ्या वेळी मी पिस्टनकडे बघणं सोडलं आणि त्या कार्बोरेटरची वाटी उजेडात धरली. तळाला पांढरी भुकटी होती. कधीतरी पेट्रोलमधून आलेलं पाणी तिथे बसून राहिलं होतं आणि ॲल्युमिनियम आतून खात होतं. जेट दर वेळी साफ होत होता, आणि वाटी दर वेळी त्याला नवा कचरा पुरवत होती. वाटी बदलली, विषय संपला. दोन पिस्टनांच्या खर्चापुढे वाटी म्हणजे चिल्लर.

दुसऱ्यांदा जाम होण्याच्या आधी काही दिवस पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाचे फेरे दोन-तीनशेने कमी दिसत होते. मला वाटलं, होडीत सामान जास्त आहे. तेव्हाच तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले असते तर मधला पांढराफटक दिसला असता.

आजार असतानाच नाडी बघा

दम सोडणाऱ्या इंजिनाची तपासणी काठावर येऊन, गार झाल्यावर करण्यात अर्थ नाही. तेव्हा ते निरोगीच असतं. दोष असतानाच, पाण्यावर, सोबत कुणालातरी घेऊन बघा.

पहिली गोष्ट पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा. इंजिन मरगळायला लागलं की बंद करू नका, सोबत्याला फुगा दाबत राहायला सांगा. दाबताच इंजिन सावरलं तर पेट्रोल पोचत नाही, हे ठरलं. आता फुग्याची अवस्था बघा. चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा फुग्याच्या आधी आहे: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी तुंबलेली, किंवा पक्क्या टाकीवर बसवलेली पेट्रोल उलटं वाहू न देणारी छोटी झडप अडकलेली. फुगा मऊ आहे पण चपटा नाही, तर कुठूनतरी हवा खेचली जात असते, बहुतेक वेळा जोडणीच्या कपलिंगमधल्या जुन्या ओ-रिंगमधून. फुगा कडक आहे आणि तरीही इंजिन मरतंय, तर पेट्रोल इंजिनापर्यंत येऊन थांबलंय, दोष पुढे आहे किंवा पेट्रोलचा नाहीच.

या सगळ्यावरचा सोपा तोडगा म्हणजे वेगळी लहान टाकी, नवी नळी, नवा फुगा, ताजं मिश्रण, आणि थेट इंजिनाला जोडणी. त्यावर तासभर नीट चाललं तर इंजिन उघडायचं कारणच नाही. मी पाहिलेल्या दम सोडण्याच्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपल्या. नळी बाहेरून चांगली दिसते यावर जाऊ नका. एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळ्यांचं आतलं अस्तर सुटतं आणि ते झडपेसारखं फडफडतं. हळू चालवताना उघडं, पूर्ण थ्रॉटलला बंद.

एथेनॉलचं आणखी एक. दहा टक्के एथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्काच पाणी सामावून घेतं. त्यापुढे एथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळीचं टोक तळाशी असतं. म्हणजे इंजिनाला मिळतं ते बिनतेलाचं.

फुगा दाबून फरक पडत नाही तेव्हा ठिणगी. सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉइल, स्टेटर यांच्यातले काही दोष गरम झाल्यावरच उठतात आणि गार झाल्यावर गायब होतात. 'थांबलं की परत ठणठणीत' हे वर्णन त्यांनाही तंतोतंत बसतं. ठिणगी तपासायचं साधन सोबत ठेवा आणि इंजिन मेल्या मेल्या, दोन मिनिटांच्या आत बघा. कोणता सिलिंडर मेलाय ते ओळखायला चालू इंजिनाच्या प्लगची टोपी हाताने काढणारे बहाद्दर असतात. सीडीआयचा झटका जोरदार असतो, आणि वायर मोकळी ठेवून इंजिन चालवलं तर सीडीआयही जाऊ शकतो. टायमिंग लाइटचा (ठिणगीगणिक लुकलुकणाऱ्या दिव्याचा) चिमटा एकेका वायरवर लावला की काम होतं. जिथे लाइट लुकलुकत नाही किंवा मधेच चुकतो, तिथे दोष.

तिसरं पाणी. मागून पडणारी धार जोरात आहे म्हणून इंजिन गार आहे, असं धरून चालू नका. धार फक्त पंप पाणी उचलतोय एवढंच सांगते. उभ्या ब्लॉकमध्ये पाणी कमी पडलं की वाफ वर साचते आणि वरचा सिलिंडर आधी तापतो. हेडच्या वरच्या आणि खालच्या टोकाचं तापमान मोजा. थर्मोस्टॅट असेल तर तो इंजिनानुसार साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडतो. धातू त्याच्या फार वर गेला तर मिठाचा थर, थर्मोस्टॅट किंवा इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं चक्र) यांपैकी काहीतरी. इम्पेलर रबराचा आहे, वर्षाकाठी बदलायचा. पाण्याबाहेर इंजिन 'जरा सुरू करून बघतो' म्हणणारे तो अर्ध्या मिनिटात घालवतात, आणि त्याचे तुटलेले तुकडे वरच्या वाटेत अडकून पुढच्या वर्षी त्रास देतात.

दोन ते पाच अश्वशक्ती

यात बिघडायला भागच कमी. एक सिलिंडर, एक प्लग, डोक्यावरच टाकी, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, बऱ्याचदा पंपही नसतो. वीस मिनिटांनी बंद पडलं तर सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. हसू नका, मी स्वतः एकदा अर्धा तास वल्हं मारून परतलोय.

या इंजिनांचं वाईट नाव होतं ते त्यांना वापरलं जात नाही म्हणून. दहा महिने पेट्रोलसकट पडून राहिलेल्या कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा थर बसतो, आणि लहान इंजिनाच्या जेटचं भोक इतकं बारीक असतं की थोडासाही थर पुरतो. ठेवण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटीचा स्क्रू काढून उरलेलं सांडा. जेट साफ करायला तार घालू नका, भोक मोठं होतं. नायलॉनचा बारीक धागा आणि कार्बोरेटर क्लीनर. पाण्याच्या वाटाही तितक्याच अरुंद, त्यामुळे खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवणं इथे टाळता येत नाही. मोठं इंजिन दोन-चार वेळा माफ करेल, हे करणार नाही.

आणि इंजिन फिरतंय पण होडी हलत नाही, तर शेअर पिन, म्हणजे पंखा दांड्याला जोडणारी पिन, तुटली. जादा पिना इंजिनाच्या झाकणाखालीच ठेवा. थोड्या मोठ्या इंजिनात पिनेऐवजी पंख्याच्या मध्यात रबरी बुश असतो. तो सटकला की हळू चालवताना सगळं नीट आणि थ्रॉटल वाढवला की नुसता आवाज. याला लोक 'दम सोडतं' म्हणतात आणि कार्बोरेटर उघडत बसतात.

आठ ते वीस

मला विचाराल तर भरवशाचा गट हाच. दोन सिलिंडर आणि बहुधा एकच कार्बोरेटर. जेट तुंबला तर दोघांनाही सारखंच कमी पडतं, इंजिन लगेच सांगतं. एक प्लग गेला तर दुसऱ्यावर थरथरत का होईना घरी येता. दोरीने सुरू होतं, बॅटरीवर अवलंबून नाही, सगळं इंजिन दोन माणसं उचलू शकतात.

कित्येक कंपन्यांचं ९.९ आणि १५ एकाच ब्लॉकवर बनलेलं असतं. फरक कार्बोरेटर किंवा हवेच्या वाटेतल्या अडसराचा. म्हणून ९.९ निवांत चालतं. ते 'मोकळं' करून १५ बनवायचा मोह अनेकांना होतो. करायचं तर जेटसकट पूर्ण करा. नुसता अडसर काढला आणि जेट जुनाच ठेवला, तर हवा वाढते, पेट्रोल वाढत नाही. पुढचं वर सांगितलंच आहे.

पंचवीस ते चाळीस

इथे अश्वशक्तीपेक्षा झाकण उघडून कार्बोरेटर मोजणं जास्त उपयोगाचं. एक असेल तर वरच्या गटासारखं वागेल. दोन किंवा तीन असतील तर माझ्या सत्तरसारखं लपवाछपवी करेल, आणि मग सगळ्यांची साफसफाई एकाच वेळी करायची, थ्रॉटलच्या झडपा एकाच क्षणी उघडतात का ते बघायचं.

साठ आणि पुढे

या इंजिनांबद्दल पहिला प्रश्न: दम सोडताना मिसिंग मारतं की सरळ, गुळगुळीत आवाजात दोन-अडीच हजार फेऱ्यांवर येऊन थांबतं? दुसरं असेल तर तो बिघाड नाही, राखणदार आहे. पुष्कळ मोठ्या इंजिनांत तापमान चढलं किंवा तेलाची पातळी उतरली की फेरे आपोआप कमी केले जातात आणि भोंगा वाजतो. भोंग्याची वायर गंजलेली असेल तर वाजत नाही, आणि मालक कार्बोरेटर धुत बसतो. किल्ली फिरवल्यावर भोंगा एकदा वाजतो की नाही हे मॉडेलनुसार बघून घ्या.

दुसरा प्रश्न तेलाचा. यात तेल बहुधा वेगळ्या टाकीतून पंपाने येतं, हळू चालवताना कमी आणि पूर्ण थ्रॉटलला साधारण ५०:१ च्या आसपास. पंप काम करतो का याची खात्री नसेल तर पेट्रोलमध्येच ५०:१ मिसळा, म्हणजे लिटरला २० मिली, २५ लिटरला अर्धा लिटर. तेलाच्या टाकीवर पेनाने खूण करा आणि तासभर चालवा. पातळी खाली गेली, म्हणजे पंप तेल ओढतोय. धूर जास्त होईल पण इंजिन सुरक्षित आहे. पातळी हलली नाही तर ज्या दिवशी तुम्ही साधं पेट्रोल भरलं असतं त्या दिवशी इंजिन गेलं असतं.

तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने गार होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचा) दर्जाचंच. मोटरसायकलचं टू-टी तेल हवेने गार होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं. पाण्याने गार होणाऱ्या आउटबोर्डमध्ये ते राख आणि काजळी करतं. 'थोडं जास्त तेल घातलं की जास्त सुरक्षित' हाही गैरसमज. जेटमधून जाणारा द्रव तेवढाच राहतो, त्यात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं. कंपनीने सांगितलेलं प्रमाण पाळा. नवीन पिस्टन बसवल्यावर पहिल्या काही तासांसाठी २५:१ सांगितलेलं असतं, तेवढाच अपवाद.

मोठी इंजिनं आकारमानाच्या मानाने जास्त ताणलेलीही असतात. यामाहाचं दोन सिलिंडरवालं १५ अश्वशक्तीचं इंजिन २४६ सीसीचं, म्हणजे लिटरमागे सुमारे ६१ अश्वशक्ती. ४० चं ७०३ सीसी, लिटरमागे ५७. तेच तीन सिलिंडरचं ८५ घेतलं तर ११४० सीसीत लिटरमागे ७५, आणि २.६ लिटरचं व्ही-६ दोनशे अश्वशक्ती देताना ७७. म्हणजे ८५ किंवा २०० घेणाऱ्याला जेट, तेल, पाणी यांत चूक करायला १५ किंवा ४० वाल्याइतकी जागा मिळत नाही.

प्लग आणि कॉम्प्रेशन

प्लग काढताना क्रमाने ठेवा, कोणता कुठला हे विसरलात तर निम्मी माहिती गेली. बदामी रंग ठीक. काळा ओला म्हणजे जळत नाही. पांढरा, त्यावर बारीक चकाकते ठिपके, म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम उडायला लागलंय. तिथून पुढे एक मिनिटही पूर्ण थ्रॉटल देऊ नका. बाकीचे बदामी आणि एकच धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय, हेड गॅस्केट बघा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजताना सगळे प्लग काढा, वायरी ब्लॉकला टेकवा, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा आकडे सारखे आहेत का हे महत्त्वाचं. १०५ आणि १०२ पीएसआय मला चालेल. १२५, १२२, १०० चालणार नाही. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला की आधी रिंगा काजळीत चिकटल्यात का ते पाहायचं. काजळी काढणारा फवारा कार्बोरेटरमधून देऊन, रात्रभर भिजू देऊन पुन्हा मोजा. काही वेळा आकडा परत येतो. येत नसेल तर उघडायला पर्याय नाही.

ही काजळी येते कुठून? मोठं इंजिन दिवसभर हजार फेऱ्यांवर रेंगाळत ठेवल्याने. लहान इंजिनाचं नेमकं उलटं: जड होडीवर बसवून सदैव पूर्ण थ्रॉटल, तरीही फेरे चार हजारांच्या वर जात नाहीत. कंपनीने पूर्ण थ्रॉटलला पाच-साडेपाच हजार सांगितलेले असताना इतकं दबून चालणारं इंजिन तापतं, आणि दोष 'लहान इंजिनं टिकत नाहीत' असा त्याच्या आकाराला लागतो. फेरे मोजायचं साधं यंत्र प्लगच्या वायरला गुंडाळून लावता येतं. फेरे कमी असतील तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा) पंखा बसवा. एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. हे केल्यावर दम सोडण्याची तक्रार गेलेली मी दोनदा पाहिली आहे, कार्बोरेटरला हातही न लावता.

एकाऐवजी दोन लहान इंजिनं लावावीत का, असंही विचारतात. लावा, पण एकाच टाकीवर दोन्ही चालवणार असाल तर पाणी शिरलेलं पेट्रोल दोघांनाही दहा मिनिटांच्या अंतराने बंद पाडेल. दुसऱ्याला स्वतःची टाकी हवी. आणि मोठ्याला तेलाचा पंप, लहानाला मिश्रण अशी जोडी असेल तर टाक्यांवर ठळक अक्षरांत लिहा. घाईत लहानाला साधं पेट्रोल जोडलं गेलं की तुमचं आणीबाणीचं इंजिन आणीबाणीतच जाम होतं.

हे सगळं करूनही एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा पांढरा पडत असेल, जेट, वाटी, नळी सगळं स्वच्छ असेल, तर हवा कार्बोरेटरच्या पुढून शिरतेय. इंजिन संथ चालू ठेवून कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटवर थेंब थेंब टू-स्ट्रोक तेल सोडा. आवाज बदलला की तिथे गळती. तिथे नसेल आणि सगळ्यात खालचाच सिलिंडर त्रास देत असेल, तर क्रँकचं खालचं सील. ते बघायला पॉवरहेड (इंजिनाचा वरचा मुख्य भाग) उतरवावं लागतं, म्हणून सगळे ते शेवटी बघतात. मीही.